गस्त, नकाशे आणि आकडे : पोलिसांच्या कोणत्या कार्यपद्धतींनी गुन्हे खरोखर घटतात?

आडवाट (धागाकर्ता)

गुन्हे वाढल्याची ओरड झाली की सगळीकडे ठरावीक मागण्या पुढे येतात. पोलिसांची भरती करा, गस्त वाढवा, वाहने द्या, कॅमेरे बसवा. या प्रत्येक मागणीमागे एक गृहीतक असते, आणि त्यांतील काही गृहीतके गेल्या पन्नास वर्षांत प्रत्यक्ष प्रयोग करून तपासली गेली आहेत. चर्चेत मात्र त्या प्रयोगांचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून हा धागा.

सुरुवात गस्तीपासून करतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळात पंधरा बीटांचे (गस्तीसाठी आखून दिलेल्या हद्दींचे) तीन गट करण्यात आले. पहिल्या गटातील नेहमीची गस्त पूर्ण थांबवली आणि बोलावणे आले तरच गाडी जाईल असे ठरवले, दुसऱ्या गटातील गस्त दुप्पट-तिप्पट केली आणि तिसऱ्या गटात पूर्वीचीच पद्धत चालू ठेवली. वर्षअखेरीस गुन्ह्यांच्या प्रमाणात, लोकांना वाटणाऱ्या भीतीत किंवा पोलिसांविषयीच्या समाधानात या तीन गटांमध्ये नोंद घ्यावी असा फरक आढळला नाही. त्याहून बोलके म्हणजे गस्त कमी-जास्त झाली आहे, हेच बहुतेक रहिवाशांच्या लक्षात आले नव्हते.

त्याच दशकात आणखी दोन समजुतींना तडा गेला. गाडी जितक्या लवकर पोहोचेल तितके गुन्हेगार जास्त सापडतील, ही त्यांतली पहिली. प्रत्यक्षात बहुसंख्य गुन्हे घडून गेल्यानंतर उघडकीस येतात, आणि जे डोळ्यांसमोर घडतात त्यांतही माणूस आधी घरच्यांशी किंवा शेजाऱ्यांशी बोलून मग पोलिसांना कळवतो. त्यामुळे गाडीने वाचवलेली दोन-तीन मिनिटे फारशी कामी येत नाहीत. दुसरी समजूत तपासाविषयी होती. रँड या अमेरिकेतील संशोधन संस्थेच्या १९७५ च्या अभ्यासातून असे दिसले की गुन्ह्याचा छडा लागणार की नाही, हे बहुतांशी फिर्यादीने पहिल्या भेटीतच घटनास्थळी आलेल्या पोलिसाला काय सांगितले यावर अवलंबून असते, आणि नंतरच्या तपासाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच लहान असतो. कुशाग्र तपास अधिकाऱ्याच्या कथा आवडीने वाचणाऱ्या माझ्यासारख्यांना हे पचायला जड जाते, पण तो भाग वेगळा.

यातून 'पोलीस काहीही करोत, गुन्ह्यांवर परिणाम होत नाही' असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी काढला. तो घाईचा ठरला. १९८९ मध्ये मिनिआपोलिस शहरातील पोलिसांना आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा निम्मे दूरध्वनी शहरातील अवघ्या ३.३ टक्के पत्त्यांवरून आल्याचे दिसले. गुन्हा शहरभर पसरलेला नसतो आणि गस्त मात्र शहरभर पसरवली जाते, हे कॅन्सस सिटीच्या निकालाचे एक स्पष्टीकरण होऊ शकते. पुढे लॉरेन्स शर्मन आणि डेव्हिड वाइसबर्ड यांनी त्याच शहरातील ११० जागा निवडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने, त्यांतील ५५ जागी गस्त वाढवली. त्या ठिकाणांहून येणारे गुन्ह्यांविषयीचे दूरध्वनी तुलनेसाठी ठेवलेल्या ५५ ठिकाणांपेक्षा ६ ते १३ टक्क्यांनी कमी भरले. याच प्रयोगातील नोंदींवरून क्रिस्टोफर कोपर यांनी दाखवले की एका जागी दहा ते पंधरा मिनिटे थांबणे सर्वांत परिणामकारक असते. गाडी नुसती जवळून गेली तर तिचा प्रभाव टिकत नाही, आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबल्यास प्रत्येक वाढीव मिनिटाचा लाभ घटत जातो.

म्हणजे मनुष्यबळ किती आहे यापेक्षा ते कोठे, किती वेळ आणि नेमके काय करण्यासाठी उभे आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, असे माझे मत आहे. मात्र या एकाग्र कारवाईची किंमत कोण मोजते आणि तिचे यश कोणत्या आकड्यांवर मोजायचे, याविषयी माझ्या मनात शंका आहेत. जाणकारांनी लिहावे.

चौकस

लेख आवडला, तथापि कॅन्सस सिटीच्या प्रयोगावर आपण जरा जास्तच भार टाकला आहे. ज्या बीटांमध्ये गस्त थांबवली होती तेथेही बोलावणे आल्यावर गाड्या जातच होत्या, त्यामुळे रहिवाशांना पोलीस दिसत राहिले. शिवाय पंधरा बीट ही संख्या इतकी लहान आहे की मध्यम आकाराचा परिणाम खरोखर झाला असता तरी तो पकडता आला असता की नाही, याची शंका वाटते. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत.

दुसरा प्रश्न सगळ्यांच्या मनात येणारा आहे. एका चौकात पोलीस उभे केले तर सराईत गुन्हेगार पुढच्या चौकात जाईल. मग गुन्हे घटले म्हणायचे की त्यांची फक्त हद्द बदलली?

सांख्यिक

पहिल्या आक्षेपाशी सहमत आहे. दुसऱ्याविषयी मात्र पुरावा आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. जर्सी सिटी येथे वाइसबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ याच प्रश्नासाठी अभ्यास केला. अमली पदार्थांची विक्री आणि वेश्याव्यवसाय चालणाऱ्या दोन जागांवर कडक कारवाई झाली आणि संशोधकांनी लक्ष ठेवले ते भोवतालच्या गल्ल्यांवर. गुन्हे तेथे सरकल्याचे फारसे दिसले नाही. उलट भोवतालच्या भागातही ते काही प्रमाणात घटले. याची कारणे समजण्याजोगी आहेत. गुन्हेगारालाही ओळखीची जागा, गिऱ्हाइकांची ये-जा, पळण्याच्या वाटा आणि त्या भागात कोणाचा वचक आहे याचे ज्ञान लागते, आणि हे सारे पुढच्या गल्लीत आयते मिळत नाही. शिवाय पोलिसांची कारवाई नेमकी कोठे संपते, हे त्याला ठाऊक नसते.

२०१९ मध्ये अँथनी ब्रागा आणि सहकाऱ्यांनी अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत कारवाई आणि तुलना अशा ७८ चाचण्या होत्या आणि त्यांपैकी ६२ चाचण्यांमध्ये गुन्हे घटल्याचे दिसले. एवढे सातत्य पोलीसविषयक संशोधनात दुर्मीळ आहे.

तरीही धागाकर्त्यांनी एक गोष्ट नोंदवायला हवी होती. हा परिणाम टिकाऊ नाही. फिलाडेल्फियामध्ये २००९ च्या उन्हाळ्यात साठ जागांवर पायी गस्त ठेवण्यात आली, तेव्हा तुलनेच्या जागांपेक्षा हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले, पण गस्त उठल्यानंतर तो लाभ विरून गेला. ताप उतरवणाऱ्या गोळीने दुखणे बरे होत नाही, तसे हे आहे. गोळी निरुपयोगी नाही, परंतु ती किती काळ देत राहणार?

मध्यरात्र

वरच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधणारी एक वेगळी परंपरा आहे. कायद्याचे प्राध्यापक हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्ये असे मांडले की पोलीस खाते साधनांच्या मोजदादीत गुंतून पडते. किती जवान, किती वाहने, किती अटका, किती मिनिटांत प्रतिसाद, हे सारे मोजले जाते आणि ज्या समस्येसाठी हे चालले आहे ती सुटली का, हे कोणी विचारत नाही. पोलिसांसमोर येणारी प्रत्येक घटना सुटी समजून निकालात काढण्याऐवजी एकसारख्या घटनांचा गट करावा, त्यामागील कारण शोधावे, कारणावर इलाज करावा आणि इलाज लागू पडला का ते तपासावे, असा त्यांचा आग्रह होता.

व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज शहराने १९८० च्या दशकात हे करून पाहिले. तेथील जहाजबांधणी कारखान्याच्या वाहनतळांवर गाड्या फोडून चोऱ्या होत होत्या. जुन्या पद्धतीने प्रत्येक फिर्याद नोंदवून, पंचनामा करून कागद पुढे सरकला असता. येथे अधिकाऱ्यांनी सर्व फिर्यादी एकत्र नकाशावर मांडल्या आणि कोणत्या तळावर व कोणत्या वेळी चोऱ्या होतात ते पाहिले. त्यानंतर त्यांनी पकडल्या गेलेल्या चोरांशी सविस्तर बोलणी केली, आणि त्यात कोणालाही न सुचलेली माहिती मिळाली. चोर गाडीतील संगीतयंत्राइतकेच अमली पदार्थ शोधत होते. रॉक संगीताच्या रेडिओ केंद्रांची चिकटचित्रे (स्टिकर) लावलेल्या गाड्या ते मुद्दाम हेरत, कारण त्या मालकांकडे असा माल सापडण्याची शक्यता त्यांना जास्त वाटे. या माहितीवर आखलेल्या कारवाईनंतर वाहनतळांवरील चोऱ्या निम्म्याहून खाली आल्या. त्याच शहरातील मोडकळीस आलेल्या एका गृहसंकुलात घरफोड्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. तेथे रहिवाशांची पाहणी केल्यावर खुद्द इमारतींची दुरवस्था हेच मोठे कारण असल्याचे आढळले. पोलिसांनी इतर खात्यांना कामाला लावून परिसर दुरुस्त व स्वच्छ करून घेतला आणि घरफोड्या सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

माझ्या मते या पद्धतीची अडचण अशी आहे की ती कागदावर सर्वांना पटते आणि प्रत्यक्षात तिच्यातील विश्लेषणाची पायरी गाळली जाते. समस्या ओळखली की थेट ठरलेला इलाज, म्हणजे नाकाबंदी किंवा जादा गस्त. चोराशी तासभर शांतपणे बोलून तो गाडी कशी निवडतो हे समजून घेणे, हे काम कोणत्याही मासिक अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

उत्तरपक्ष

रकान्यांचा विषय निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजू मांडतो.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी कॉम्पस्टॅट ही पद्धत सुरू केली. ठराविक दिवशी बैठक भरे, ठाण्याच्या प्रमुखाला नकाशासमोर उभे केले जाई आणि त्याच्या हद्दीतील वाढलेल्या प्रत्येक गुन्ह्याविषयी सर्वांदेखत प्रश्न विचारले जात. अचूक व ताजी माहिती, जलद हालचाल, परिणामकारक उपाय आणि न थकता पाठपुरावा ही तिची चार सूत्रे होती. शहरात १९९० साली २,२०० हून अधिक खून झाले होते, १९९८ मध्ये ती संख्या ६५० च्या खाली आली. श्रेय अर्थातच या पद्धतीला मिळाले आणि जगभर तिच्या नकला झाल्या. तथापि त्याच काळात सॅन डिएगोसारख्या, अगदी निराळ्या धोरणाने चालणाऱ्या शहरांतही गुन्हे मोठ्या प्रमाणात घटले. न्यूयॉर्कमधील घट कॉम्पस्टॅटपूर्वीच सुरू झाली होती, हेही विसरू नये.

खरी हानी नंतर दिसली. आकडा खाली आणण्याचे दडपण वरून आले की तो आणण्याचे दोन मार्ग असतात, आणि गुन्हा कमी करण्यापेक्षा गुन्ह्याची नोंद कमी करणे सोपे असते. जबरी चोरीची साधी चोरी होते, साध्या चोरीचे 'वस्तू गहाळ' होते आणि फिर्यादीला परत पाठवले जाते. हा दोष एका देशापुरता नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांच्या गुन्हेनोंदींना असलेला 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा, म्हणजे विश्वासार्ह सरकारी आकडेवारीचा, दर्जा जानेवारी २०१४ मध्ये काढून घेण्यात आला. त्याच वर्षी तेथील पोलीस निरीक्षणालयाने केलेल्या तपासणीत, लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के गुन्हे नोंदवलेच गेले नव्हते, असे आढळले. लैंगिक गुन्ह्यांमध्ये ते प्रमाण २६ टक्के होते.

मोजला जाणारा आकडा गुन्ह्यांऐवजी कारवाईचा असेल, तर त्याची किंमत थेट नागरिक मोजतात. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यात अडवून झडती घेण्याच्या प्रकारांची संख्या २०११ मध्ये ६ लाख ८५ हजारांवर गेली होती. २००४ ते २०१२ या काळातील सुमारे ४४ लाख प्रकारांपैकी ८८ टक्के प्रकरणांत ना अटक झाली, ना समन्स निघाले. अडवलेल्यांमध्ये कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक नागरिकांचे प्रमाण प्रचंड होते. २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत ज्या प्रकारे राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर गुन्हे उसळतील, असे भाकीत मोठ्या आवाजात केले गेले होते. २०१७ पर्यंत अडवणुकीची संख्या १२ हजारांच्या आसपास उतरली आणि त्या वर्षी शहरात ३०० पेक्षाही कमी खून झाले. लाखो माणसांचा अपमान कशासाठी केला, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

चौकस

मग मोठीच पंचाईत आहे. पोलिसांच्या नोंदींवर विश्वास ठेवायचा नाही, तर आडवाट आणि सांख्यिक यांनी दिलेल्या प्रयोगांचे निकाल तरी कशावर उभे आहेत?

सांख्यिक

रास्त शंका. म्हणूनच मिनिआपोलिसच्या प्रयोगात नागरिकांचे दूरध्वनी मोजले गेले. दूरध्वनी आला की त्याची नोंद यंत्रणेत आपोआप होते, ठाण्यातील अंमलदाराला तिच्यात फेरफार करता येत नाही. शिवाय संशोधकांनी प्रशिक्षित निरीक्षक रस्त्यावर बसवून प्रत्यक्ष काय घडते तेही टिपले होते. देशपातळीवर अनेक ठिकाणी घरोघरी जाऊन 'गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत गुन्हा घडला का' असे विचारणाऱ्या पाहण्या होतात. त्यात पोलिसांपर्यंत न पोहोचलेले गुन्हेही कळतात. दीर्घकालीन तुलनेसाठी खुनाचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा मानतात, कारण मृतदेह दडवणे हे फिर्याद दडवण्याइतके सोपे नसते. एकाच स्रोतावर विसंबलेला कोणताही दावा, मग तो खात्याचा असो वा टीकाकारांचा, मी जपूनच वाचतो.

जुना वाचक

चर्चा जागेभोवतीच फिरते आहे. माणसांवर केंद्रित केलेल्या पद्धतींचाही विचार व्हावा.

बॉस्टनमध्ये १९९० च्या दशकात तरुणांमधील खुनांनी कळस गाठला, तेव्हा अभ्यासकांनी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी मिळून टोळ्यांची मोजदाद केली. सुमारे १,३०० सदस्य, म्हणजे शहरातील तरुणांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोक, तरुणांच्या किमान ६० टक्के खुनांशी जोडलेले होते. १९९६ पासून या टोळ्यांना समोरासमोर बोलावून सांगण्यात आले की तुमच्यापैकी कोणीही गोळी झाडली तर संपूर्ण टोळीवर सर्व कायदेशीर मार्गांनी कारवाई होईल, आणि ज्याला यातून बाहेर पडायचे आहे त्याला मदत मिळेल. हे सांगणाऱ्यांत पोलिसांबरोबर सरकारी वकील, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी, समाजसेवक आणि धर्मगुरूही होते. मूल्यमापनात तरुणांच्या मासिक खुनांची सरासरी ६३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. यात चिठ्ठ्या टाकून तुलनेचा गट ठेवलेला नव्हता, त्यामुळे सांख्यिक यांच्या कसोटीला हा पुरावा थोडा उणा पडेल, हे मान्य करतो. परंतु २००० च्या सुमारास हा कार्यक्रम सुस्तावला आणि त्यानंतर हिंसा पुन्हा वाढली, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही.

ग्लासगो येथे २००५ मध्ये पोलिसांनीच स्थापन केलेल्या हिंसाचार निवारण कक्षाने चाकूहल्ल्यांकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले आणि बॉस्टनचा धडा स्वतःच्या परिस्थितीत बसवून घेतला.

उत्तरपक्ष

बॉस्टनमध्ये यादीतील माणसाला समोर बसवून, त्याचे नाव तेथे का आहे हे सांगितले गेले. अलीकडे हीच कल्पना संगणकाच्या हाती दिली आणि तो संवादच गळून पडला. शिकागोच्या पोलिसांनी गोळीबारात सापडण्याची शक्यता असलेल्या व्यक्तींची गुणांकनासह यादी तयार केली होती. तिच्या परिणामकारकतेविषयी आणि न्याय्यतेविषयी गंभीर आक्षेप आल्यावर २०१९ च्या अखेरीस ती बंद झाली. गुन्हा कोठे घडेल याचे भाकीत करणारी प्रणाली लॉस एंजेलिसने २०२० मध्ये सोडली, आणि ती सुरुवातीलाच स्वीकारणाऱ्या सांताक्रूझ शहराने त्याच वर्षी अशा प्रणालींवर बंदी घातली. यातील तांत्रिक दोष समजून घेण्यासारखा आहे. प्रणालीला शिकवण्यासाठी जुन्या नोंदी दिल्या जातात. त्या नोंदी जेथे पोलीस जास्त फिरले तेथल्याच जास्त असतात, विशेषतः अमली पदार्थांच्या बाबतीत. मग प्रणाली पुन्हा तेथेच पोलीस पाठवते, तेथे आणखी नोंदी होतात आणि भाकीत खरे ठरल्यासारखे दिसते. घरफोडीत हा दोष तुलनेने कमी असतो, कारण तिची फिर्याद नागरिक स्वतः देतो.

काठावर

बराच वेळ केवळ वाचत होतो, आता एक प्रश्न विचारतो. ही सारी उदाहरणे दाट वस्तीच्या महानगरांची आहेत. जेथे वस्ती विरळ आहे, ठाण्यात मोजके कर्मचारी आहेत आणि एका जागी गुन्ह्यांचा ढीग पडत नाही, तेथे या संशोधनाचा उपयोग काय?

मध्यरात्र

तेथे जागेऐवजी पीडितांकडे पाहावे लागते. ज्या घरात एकदा चोरी होते तेथे पुन्हा चोरी होण्याचा धोका इतर घरांपेक्षा बराच जास्त असतो आणि पहिल्या चोरीनंतरच्या काही आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. चोराला आता घराची रचना माहीत असते आणि काय न्यायचे राहिले तेही आठवत असते.

इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकाच्या मध्यावर याच निरीक्षणावर योजना आखली गेली. तेथे अनेक घरफोड्यांत वीज आणि गॅसच्या मीटरमधील नाणी चोरली जात, म्हणून नाण्यांचे मीटर काढून टाकण्यात आले. चोरी झालेल्या घराची दारे-खिडक्या ताबडतोब मजबूत करून दिल्या आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांतील लोकांना त्या घरावर नजर ठेवण्यास सांगितले. संपूर्ण वसाहतीला संरक्षण देण्याचा खर्च कोणालाच झेपला नसता. येथे फक्त चोरी झालेल्या घरांवर लक्ष दिले आणि पहिल्याच वर्षात वसाहतीतील एकूण घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या.

त्यासाठी वेगळे मनुष्यबळ लागत नाही. फिर्याद घेणाऱ्या अंमलदाराने 'याआधी तुमच्याकडे चोरी झाली होती का, आणि कधी' हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर नोंदवहीत लिहायचे आणि पुढच्या पंधरवड्यात बीटवरच्या कर्मचाऱ्याने त्या घरी पुन्हा एक फेरी मारायची, एवढ्यावर सुरुवात करता येते. ज्या ठाण्याच्या नोंदवहीत तो रकानाच नाही, तेथे तोच घर-पत्ता वर्षात तीनदा आला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिन्ही वेळा फिर्याद घेणारा अंमलदार वेगळा असतो.